काचघरातले हिवाळी निवडुंग : कळ्या येतात, उमलत नाहीत

निवडुंग्या | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, निवडुंगावर धागा काढला की पहिल्या दहा प्रतिसादांत 'घरात काटेरी झाड ठेवू नये' हे येतंच. ते येऊन गेलं असं समजा आणि पुढे वाचा.

मी इंग्लंडात, लीड्सजवळ राहतो. परसात आठ बाय सहा फुटांचं काचघर आहे आणि त्यात दीडशेच्या आसपास कुंड्या. त्यातले बहुतेक आता झोपलेत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचं पाणी दिलं, आता थेट मार्चमध्ये. मुळं कोरडी असली तर पाच अंशांपर्यंत ही मंडळी हूं की चूं करत नाहीत. ओली असली तर दहा अंशांतही बुडापासून सडतात.

माझा जीव अडकलाय तो न झोपणाऱ्यांत. ऐन हिवाळ्यात फुलणारे निवडुंग थोडेच, पण आहेत. ऑक्टोबरात एरिओकार्पस होऊन गेले. चिलीचे एरिओसाइसे (जुने लोक अजून निओपोर्टेरियाच म्हणतात) गुलाबी कळ्या घेऊन बसलेत. मॅमिलारिया शिडियानाला पांढरी फुलं सुरू झालीत. सोनेरी काट्यांचं हे झाड मेक्सिकोतल्या मेत्झतित्लानच्या दरीतलं. आणि सगळ्यांत लाडकं मॅमिलारिया प्लुमोसा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : पिंजलेल्या कापसाचा गोळा कुंडीत ठेवलाय असं वाटतं. टोचणारा काटाच नाही, प्रत्येक काट्याचं बारीक पीस झालेलं. मॉन्तेरेच्या बाजूला चुनखडीच्या कड्यांवर हे वाढतं. डिसेंबरात त्या पिसांतून इवलंसं पांढरं फूल डोकं वर काढतं आणि त्याला गोडसर वास येतो. बाहेर बर्फ, काचेवर दव आणि आत तो वास.

आता रडगाणं. फेरोकॅक्टस लॅटिस्पायनस. ताटलीएवढं बसकं खोड, चपटे लालभडक काटे, मधला काटा आकड्यासारखा वळलेला. इंग्रजीत त्याला सैतानाची जीभ म्हणतात. सप्टेंबरात शेंड्याला पाच कळ्या आल्या. नोव्हेंबरात त्या फुगल्या, टोकाला जांभळा रंग दिसू लागला, आणि तिथेच थांबल्या. हे तिसरं वर्ष. गेल्या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत त्या वाळक्या बोंडांसारख्या हातात आल्या. कोणाकडे उमलतो का हा? काय करता?

---

चिकू | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५२

घरात काटेरी झाड ठेवू नये म्हणतात.

(राहवलं नाही. छान धागा, वाचनखूण साठवली.)

---

गच्चीवाली | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

सांगू की नको असं झालंय. माझ्याकडे पुण्यात गच्चीवर लॅटिस्पायनसचे दोन गोळे आहेत आणि आज सकाळी त्यातल्या एकावर तीन फुलं आहेत. जांभळी, कागदासारखी चकचकीत, दुपारी बारा वाजता पूर्ण उघडलेली. काहीही करत नाही मी. खरंच काही नाही.

तुम्ही काचघर म्हणता तसं माझ्याकडे लोखंडी चौकट आणि वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा आहे, चारी बाजू उघड्या. सोसायटीतले लोक विचारतात, निवडुंगाला कसलं छप्पर? त्यांना वाटतं उन्हासाठी. ते आहे पावसासाठी! जून ते सप्टेंबर पुण्याचा पाऊस थेट अंगावर घेतला की निम्मे निवडुंग गणपतीपर्यंत पिळपिळीत होतात. तुमचं छप्पर थंडीसाठी, आमचं पावसासाठी, एवढाच फरक.

अक्षांश बघा जरा. हा फेरोकॅक्टस मध्य मेक्सिकोचा. मेक्सिको सिटी १९ अंश उत्तरेला, पुणं साडेअठरावर. ऐन डिसेंबरातही आमचा दिवस अकरा तासांचा. त्याला वाटत असेल घरीच आहोत. तुमच्याकडे दिवस किती हो?

---

निवडुंग्या | २४ नोव्हेंबर, दुपारी १:०५

ताई, जळवलंत. :)

आमचा दिवस २१ डिसेंबरला साडेसात तास, त्यातही सूर्य पलीकडच्या घराच्या कौलांवरून सरपटत जातो. कित्येक दिवस तर ढगांतून दिसतही नाही. अक्षांशाचा मुद्दा मला कधी सुचला नव्हता. मी तीन वर्षं तापमानाच्या मागे लागलोय. गेल्या वर्षी त्याच्यासाठी हीटर सहावरून बारा अंशांवर नेला, विजेचं बिल पाहून बायकोने विचारलं, "हा फुलला की आपण त्याला विकणार आहोत का?"

---

शंकासुर | २४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मी या विषयात अगदी नवीन आहे, पण माझ्याकडचा निवडुंग जूनपासून फुललेला आहे. सलग पाच महिने एकच फूल! लाल, पाकळ्या जरा कडक. नर्सरीतून फुलासकटच आणला होता. पावसाळी हवा असली की फूल मिटतं आणि ऊन पडलं की उघडतं, म्हणजे जिवंत आहे हे नक्की. मी आठवड्यातून एकदा कपभर पाणी घालतो. जात कोणती असेल?

---

गच्चीवाली | २४ नोव्हेंबर, रात्री ८:४४

शंकासुर, फूल नेमकं कुठे आहे? बरोब्बर डोक्याच्या मध्यावर? आणि फुलाच्या बुडाशी वाळलेल्या डिंकासारखं काही चकाकतंय का?

---

शंकासुर | २४ नोव्हेंबर, रात्री ८:५८

हो. मला वाटलं चीक आहे.

---

निवडुंग्या | २४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

शंकासुर, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही एकटे नाही. ते गोंदाच्या बंदुकीने चिकटवलेलं फूल आहे. स्ट्रॉफ्लॉवर नावाचं झाड असतं, त्याचं फूल वाळल्यावरही रंग सोडत नाही. मेख म्हणजे, वाळलेल्या पाकळ्याही हवेतला ओलावा शोषून मिटतात आणि कोरड्या हवेत पुन्हा उघडतात. म्हणून जिवंत वाटतं. इथल्या मोठमोठ्या दुकानांतही हा उद्योग सर्रास चालतो. निवडुंगाचं खरं फूल बहुतेकदा दोन-चार दिवसांचं. काहींचं तर एका रात्रीचं.

गोंद शेंड्यावर असेल तर वाढ तिथूनच होते, तीच दाबली जाते. ओढून काढू नका, साल निघेल. जमेल तेवढं फूल कात्रीने कापा आणि गोंदाचे तुकडे चिमट्याने हळूहळू सोडवा. आणि आठवड्याचं पाणी आजपासून बंद.

---

चिकू | २४ नोव्हेंबर, रात्री ९:२५

पाच महिने प्लास्टिकच्या सुनेला माहेरपण केलं की हो.

---

शंकासुर | २४ नोव्हेंबर, रात्री ९:३१

प्लास्टिकची नाही, वाळलेली. पण बाकी बरोबर. उद्या त्या नर्सरीवाल्याकडे जातो.

---

जर्सीकाकू | २५ नोव्हेंबर, पहाटे ५:१०

आमच्याकडे काचघर वगैरे काही नाही, पण हिवाळ्यात फुलणारा निवडुंग म्हटल्यावर ख्रिसमस कॅक्टसचं नाव कोणीच कसं काढलं नाही? माझ्या तळघराच्या खिडकीत सासूबाईंच्या वेळचा आहे, सध्या शंभरावर कळ्या.

युक्ती साधी. सप्टेंबरच्या मध्यापासून त्याला रोज तेरा-चौदा तास मिट्ट काळोख हवा, सहा आठवडे. आणि रात्र गार हवी. आमच्या तळघरात संध्याकाळी कोणी जात नाही, म्हणून तो फुलतो. वरच्या हॉलमध्ये ठेवला होता तेव्हा दहा वर्षांत एक फूल नाही, कारण रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि दिवे.

आणि दुकानात या नावाने मिळतो तो बहुतेक वेळा त्याचा भाऊबंद, थँक्सगिव्हिंग कॅक्टस असतो. पानाच्या (म्हणजे खोडाच्या, पान नसतंच) कडेला टोकदार दात असले तर तो. खरा ख्रिसमसवाला गोलसर कडांचा, इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात संकर करून केलेला.

---

भांडुपचा भोपळा | २५ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

काकू, तरीच! माझ्या बाल्कनीत आहे, मस्त हिरवागार, फूल म्हणून नाही. समोर महापालिकेचा दिवा आहे, रात्रभर थेट त्याच्या डोक्यावर. वर आम्ही दसऱ्यानंतर आकाशकंदील लावतो तो तुळशीच्या लग्नापर्यंत रोज पहाटेपर्यंत चालू. म्हणजे गरीब बिचाऱ्याला दिवाळी संपेपर्यंत रात्र अशी मिळतच नाही.

---

निवडुंग्या | २५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

भोपळेसाहेब, शक्य आहे. पण मुंबईत रात्रीचा उकाडा हेही कारण असणार. रात्री पुरेशा गार असल्या तर हे झाड काळोखाचे नखरे कमी करतं, मुंबईत ऑक्टोबरात ते होणे नाही. रात्री वर कापडी पिशवी किंवा खोकं पालथं घालून बघा, सहा-सात ते सकाळी आठ.

काकूंना दंडवत. याचे पूर्वज ब्राझीलचे, रिओजवळच्या डोंगरांत झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या फटींत वाढतात. तिथे त्यांना 'मे महिन्याचं फूल' म्हणतात, कारण दक्षिणेकडे दिवस लहान होऊ लागतात तेव्हा मे असतो. तेच झाड आपल्याकडे आणलं की नोव्हेंबर-डिसेंबर पकडतं. मात्र त्याला वाळवंटी निवडुंगाच्या नियमाने कोरडं ठेवू नका, सुरकुतेल. आणि कळ्या आल्यावर कुंडी हलवायची नाही. मी एकदा पाहुण्यांना दाखवायला दिवाणखान्यात आणली, तिसऱ्या दिवशी सगळ्या कळ्या गालिच्यावर.

---

निफाडचा अण्णा | २५ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आमचा निवडुंगाशी संबंध बांधावरच्या फड्यापुरता. पण थंडीत पीक सांभाळणं हा आमचा धंदा म्हणून विचारतो. आमच्याकडे पारा पाच-सहावर आला की द्राक्षाचे मणी तडकतात. रात्री बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे विहिरीचं पाणी ठिबकने सोडतो, विहिरीचं पाणी कोमट असतं, त्याने जमिनीलगत ऊब राहते. तुम्ही काचघरात ऊब कशी ठेवता? घासलेटचा हीटर चालतो का? वीज गेली तर?

---

निवडुंग्या | २६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

अण्णा, तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो कारण यात माझे अकरा निवडुंग गेलेत.

सहा वर्षांपूर्वी जुन्या सामानाच्या बाजारातून घासलेटचा हीटर आणला. इथे पॅराफिन म्हणतात, वास तोच, आजीच्या स्टोव्हचा. जानेवारीत रात्री उणे सहा होणार म्हणून पेटवला आणि निवांत झोपलो. सकाळी दार उघडलं तर आत चक्क ऊब होती, बारा अंश. आणि काचांवरून पाण्याच्या धारा. छतावरून थेंब पडत होते, ते नेमके प्लुमोसाच्या कापसात. घासलेट जळतं तेव्हा त्याच्या जवळजवळ बरोबरीने पाणी वाफ होऊन हवेत येतं. लिटरभर जाळलंत तर लिटरभर पाणी तुम्ही त्या बंद काचघरात सोडलंत. शाळेत ज्वलन शिकलो होतो, पण ते काचघरात आठवलं नाही.

मी आणखी चार रात्री तो जाळला. पंधरवड्याने पांढऱ्या कापसाला राखाडी डाग दिसले. बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. वरून शाबूत, आत नुसता लगदा. नऊ वर्षांचं झाड होतं. राखाडी बुरशी एकीवरून दुसरीवर जात अकरा कुंड्या घेऊन गेली. इतर दीडशेंना पाच अंशांनी काही केलं नव्हतं, या अकरांना माझ्या बारा अंशांनी मारलं.

तेव्हापासून विजेचा पंखा-हीटर, सहा अंशांवर लावलेला. शिवाय एक छोटा पंखा चोवीस तास नुसती हवा हलवत असतो. ऊन असेल त्या दुपारी बाहेर आठ अंश असले तरी छताची झडप उघडतो. वीज गेली तर जुनी पांघरुणं आणि वर्तमानपत्रं. एक रात्र निघते.

तुमचं आणि आमचं नेमकं उलटं आहे. थंडीत पाणी सोडून तुम्ही द्राक्ष वाचवता, आम्ही पाणी तोडून निवडुंग.

---

घाटमाथा | २७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. फेरोकॅक्टसच्या कळ्या.

माझं मत : थंडीची भरपाई पैशाने होते, उजेडाची होत नाही. तुम्ही काचांना आतून बुडबुड्यांचं प्लास्टिक लावता ना ऊब टिकायला? ते उजेड खातं. काचांवर हिरवं शेवाळ आलं असेल तर ते आणखी. हिवाळ्यात मुळातच चिमूटभर उजेड, त्यातला एवढा आपणच अडवायचा?

---

निवडुंग्या | २७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

काचा ऑक्टोबरातच धुतल्या, पण प्लास्टिक चारी बाजूंनी लावलं होतं हे खरं. काल दक्षिणेकडचं काढलं. लगेच फरक डोळ्यांना दिसला. शिडियानाची फुलं दुपारी पूर्वी अर्धवट उघडायची, आज सपाट उघडली.

फेरोकॅक्टस मात्र काचघरातून काढून घरात आणलाय. जिन्याच्या वळणावर दक्षिणेची खिडकी आहे, तिथे. वर फूटभर अंतरावर एलईडी दिवा, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. पुण्याचा दिवस त्याला नळीतून पाजतोय असं समजा.

'उजेडाची भरपाई होत नाही' हे खोटं पडेल अशी आशा आहे.

---

गच्चीवाली | २७ नोव्हेंबर, दुपारी १:४०

आणि पाणी? माझं ऐका, कळ्या असताना पूर्ण कोरडा ठेवू नका. मी डिसेंबरात फुलावर असलेल्यांना पंधरा दिवसांतून एकदा देते. तुमचे इंग्लंडचे जुने लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

---

निवडुंग्या | २७ नोव्हेंबर, दुपारी २:००

तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुंडी सुकते ताई, माझ्याकडे तीन आठवड्यांनी. काचघरात मी फुलावरच्या एरिओसाइसेलाच तेवढं देतो, महिन्यातून एकदा, लख्ख उन्हाच्या दिवशी सकाळी, बशीतून, तासाभराने बशी ओतून टाकायची. प्लुमोसाला वरून एक थेंबही नाही, कधीच नाही. पण हा आता घरात ऊबेत आहे तर तुमचं ऐकतो. अर्धा कप.

---

चिकू | २८ नोव्हेंबर, रात्री १०:१०

अवांतर : आमच्या वाड्यात ब्रह्मकमळ फुललं की आजी आख्ख्या गल्लीला बोलवायची, रात्री बारा वाजता हळदकुंकू. तेही निवडुंगच असतं असं कुठेतरी वाचलं. खरं का?

---

घाटमाथा | २८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

खरं. आपल्याकडे कुंडीत असतं ते एपिफायलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला झाडावर वाढणारा निवडुंग. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच, सॉस्युरिया, सूर्यफुलाच्या कुळातलं. तेव्हा चिकू, तुमच्या आजीने घरात निवडुंग ठेवून वर त्याचं हळदकुंकूही केलं.

---

चिकू | २८ नोव्हेंबर, रात्री १०:३२

पहिला प्रतिसाद मागे घेतो.

---

भांडुपचा भोपळा | २ डिसेंबर, सकाळी ११:००

निवडुंग्या, सुट्टीत भारतात येणार असाल तर प्लुमोसाचं एक पिल्लू बॅगेतून आणता का? मोज्यात गुंडाळून?

---

निवडुंग्या | २ डिसेंबर, दुपारी ४:१५

नाही हो. मोजके अपवाद सोडले तर सगळं निवडुंग कुळ साइट्स करारात (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) येतं, एरिओकार्पस तर सगळ्यांत कडक यादीत. परवाना आणि वनस्पती आरोग्याचा दाखला नसेल तर विमानतळावर मोज्यासकट जातं. भारतात प्लुमोसा मिळतं, कालिंपाँगच्या नर्सऱ्या निवडुंगासाठी प्रसिद्ध आहेत, तिकडे विचारा. घेताना कापूस बाजूला करून बुडाशी बघा. पिठ्या ढेकूण त्या पांढऱ्यात असा लपतो की कापूस कोणता आणि कीड कोणती ते कळत नाही. माझ्याकडे एकदा पूर्ण हिवाळा मी त्याला नवी पिसं समजून कौतुक केलं होतं.

---

निवडुंग्या | ९ जानेवारी, दुपारी १२:५०

धागा वर काढतोय.

पाचांतल्या दोन कळ्या उघडल्या! पूर्ण नाही. गच्चीवालीताईंच्या फोटोसारखी थाळी नाही झाली, चहाच्या कपासारखं तोंड उघडून थांबल्या. आतला रंग मात्र तोच, गडद जांभळा, मध्ये पिवळे केसर. पहिली शनिवारी उघडली, जिन्यातून जाता-येता सगळे थांबत होते. उरलेल्या तीन वाळल्या. बहुतेक त्यांची वेळ मी प्लास्टिक काढण्याआधीच गेली होती. पुढच्या वर्षी सप्टेंबरात कळी दिसली की लगेच दिव्याखाली.

काचघरात प्लुमोसावर आज अठरा फुलं मोजली. बाहेर उणे दोन.

---

घाटमाथा | ९ जानेवारी, दुपारी १:३०

अभिनंदन! दोन कळ्यांपुरतं माझं वाक्य मागे. तीन कळ्यांपुरतं कायम.

---

जर्सीकाकू | १० जानेवारी, पहाटे ४:५५

फोटो टाका की. नुसतं वर्णन काय.

---

शंकासुर | १६ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

फोटो मी टाकतो.

नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, फूल नसलेला निवडुंग कोणी घेत नाही." त्यावर मला काही बोलता आलं नाही. गोंद काढायला चार रविवार लागले. डिसेंबरपासून पाणी बंद, पूर्वेच्या खिडकीत. गेल्या आठवड्यात डोक्याभोवती गुलाबी ठिपके दिसले, मला वाटलं बुरशी, इथे विचारणारच होतो. आज सकाळी ती फुलं निघाली. नखाएवढी, गोल कडं करून आलीत, मोजली, तेरा आहेत. एका बाजूला गोंद साल घेऊन गेला होता, तेवढीच जागा रिकामी आहे.

आता पाणी सुरू करू का?

---

गच्चीवाली | १६ फेब्रुवारी, सकाळी ८:२२

मॅमिलारिया! किती गोड कडं आहे. पुण्या-मुंबईकडे असाल तर आता थोडं थोडं चालेल, बशीतून. फुलं सुकली तरी खुडू नका, काही महिन्यांनी तिथे लाल मिरच्यांसारखी फळं वर येऊ शकतात. मेक्सिकोत त्यांना छोट्या मिरच्याच म्हणतात.

---

चिकू | १६ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

खातात का?

---

निवडुंग्या | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

खातात, आंबटगोड लागतात, तिखट अजिबात नाहीत. बिया मात्र थुंकू नका चिकू, कागदावर वाळवा. भोपळेसाहेब रांगेत आहेत.